रॅमची खाच

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. पोळ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, अमडापूरच्या एसटी स्टँडवर. आमच्या घरचे सांगतात की जे काही झालं ते त्याच दिवशी संध्याकाळी झालं, कॉम्प्युटर जळाला तेव्हा. ते चूक आहे. संध्याकाळी फक्त धूर निघाला. सकाळी सात दहाला खामगावची गाडी सुटली, तीत मी होतो, बाबा होते, आणि ताई नव्हती. अन्याय तो.

यात कसला आला अन्याय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा तेच म्हटलं असतं. म्हणून नीट सांगतो.

ताई लग्न होऊन तीन वर्षं धाडला सासरी नांदली आणि मग एक बॅग घेऊन परत आली. तिकडे तिला मारत नव्हते. उपाशी ठेवत नव्हते. लोक हेच विचारायचे आणि नाही म्हटलं की त्यांचे चेहरे उतरायचे, जणू गोष्टीत दम नाही. ती स्वतः एकच वाक्य सांगायची, "तिथं मले कोनी काही इचारत नाई. सांगतेत." पाहुण्यांपासून मावशीपर्यंत सगळ्यांनी तिला समजावलं की एवढ्यावर कोणी घर सोडत नाही. शेवटी समाजातले चार मोठे आमच्या ओसरीवर बसले आणि दिवाळीनंतर तिला परत पोचवायचं असं ठरायला लागलं. तेव्हा ताई आतून बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "बाबा, मले दिवाळीपर्यंत टाइम द्या. माह्यं काम उभं राह्यलं तर मी जात नाई. नाई राह्यलं तर जातो, तोंडातून शब्द काढत नाई."

बाबा म्हणाले, "हाव. दिला."

आमच्या बाबांचा शब्द म्हणजे शब्द. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. कपाशीच्या हंगामात मशीन बंद पडलं की मालक घरी जीप पाठवायचा. रिटायर होऊन अमडापुरात आले तरी पंचक्रोशीतली पिठाची गिरणी, मोटरपंप, थ्रेशर, सगळ्याला तेच. त्यांच्याबद्दल गावात म्हणायचे की त्यांच्या हातात न बसणारा पार्ट नाही.

ताईचं काम म्हणजे अक्षरजुळणी. बुलढाण्याला एक वर्ष राहून ती डीटीपी शिकली होती, लग्नाच्या आधी. गावातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा त्यांच्याकडचं एक जुनं मशीन आमच्या घरी आलं होतं. पुढच्या खोलीत, बाबांच्या अवजारांच्या पेटीशेजारी, ते टेबलावर बसलेलं असायचं. लग्नपत्रिका, दुकानाची पावती, कोणाच्या तेराव्याचं निवेदन, असं बारीकसारीक ती करायची. आणि माझी पत्रकं. मी तेव्हा एका युवक संघटनेचं काम करायचो, अजूनही करतो. दर पंधरा दिवसांनी एक पत्रक. ताई फुकट लावून द्यायची आणि मी तिच्या मागे उभा राहून मोठमोठ्यानं वाचायचो.

"एवढे उद्गारचिन्ह कशाले रे?" ती म्हणायची. "वाचनारा का बहिरा हाय?"

"ताई, लोक झोपलेत."

"मंग दारावर थाप मार. कागद काऊन फाडतो."

आणि ती पाचातली चार उद्गारचिन्हं काढून टाकायची. पत्रक चांगलं व्हायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

श्रावणात खामगावच्या एका छापखान्याच्या मालकानं तिला मोठं काम दिलं. आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा भरायचा होता आणि त्याची पुस्तिका काढायची होती. मुलाचा किंवा मुलीचा फोटो, खाली जन्मतारीख, शिक्षण, उंची, मामेकुळ, अपेक्षा. अशी पानामागून पानं. मालकानं सरळ सांगितलं होतं की हे मेळाव्याच्या आधी नीट झालं तर त्याच्याकडच्या सगळ्या पुस्तिका, स्मरणिका, अहवाल ताईकडे येतील, वर्षभर. म्हणजे काम उभं राहिलं. म्हणजे ताई राहिली.

नवरा सोडून आलेली बाई दुसऱ्यांच्या लग्नांची पुस्तिका लावतेय यावर आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. ताईलाही मजा वाटायची. एखाद्याच्या अपेक्षा वाचून दाखवायची. "हे पाह्य, 'मुलगी घरकामात निपुण, नोकरी करणारी, मनमिळाऊ, शेतीची आवड असलेली'. बाई पाह्यजे का गडी?" आणि मग ते वाक्य तसंच्या तसं, काना-मात्रा न बदलता लावायची. दुसऱ्याच्या मजकुरात ती कधी हात घालायची नाही. माझ्या सोडून.

अडचण फोटोंची होती. एका पानावर सहा फोटो, आणि मशीनचा जीव लहान. चाळीस पानं होईपर्यंत कसंबसं चाललं. मग पान उलटायला इतका वेळ लागायचा की ताई मधल्या वेळात कणीक मळून यायची. पुढे मशीन गोठायलाच लागलं. पडद्यावर एखादा नवरदेव अर्ध्या कपाळावर अडकून बसायचा, आणि बंद करून चालू केल्याशिवाय गत्यंतर नसायचं. तासाभराचं काम गेलेलं असायचं.

ताईनं सीपीयूचा डबा उघडला, आत पाहिलं, बुलढाण्याला तिच्या जुन्या मास्तरांना फोन केला आणि मला सांगायला आली. मी ओसरीवर लिहीत बसलो होतो.

"रॅम वाढवा लागते," ती म्हणाली. "एक पट्टी हाय आत, दुसरी बसाची जागा खाली हाय. पन आपलं मशीन जुन्या जातीचं हाय. आता दुकानात नव्या जातीची पट्टी येऊन राह्यली, ते आपल्यात चालत नाई. दुकानदार इचारल कोनती पाह्यजे. त्याले नीट सांगता आलं पाह्यजे. मास्तर म्हनले, त्यापरीस सीपीयूच घेऊन जा. तिथंच लावून पाहाचं, चालू झालं तरच आनाचं."

"हो हो," मी म्हणालो.

"आयकलं का तू?"

"ऐकलं ताई."

ऐकलं नव्हतं. मी लिहीत होतो. काय लिहीत होतो तेही सांगून टाकतो, कारण लपवून काही उपयोग नाही. ग्रामसभेत बायांची सही घेतात पण त्यांना बोलू देत नाहीत, यावर पत्रक लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी ते ताईनंच लावून दिलं.

कुठे जायचं यावरही थोडं झालं. ताई म्हणाली, खामगावात दुकानं आहेत, तासाभरात पोचू. बाबा म्हणाले, मलकापूर. तीस वर्षांचा बाजार त्यांचा, ओळख मलकापूरची. "खामगावात आपल्याले कोन ओळखते?" हे त्यांचं कारण. जिनिंगच्या गल्लीतल्या बेल्ट-बेरिंगवाल्याच्या पोरानं म्हणे आता कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. म्हणजे घरचंच माणूस.

आणि मग तो मंगळवार. बाबा आणि मी स्टँडवर आधी पोचलो. ताई मागून आली. तिनं सीपीयू चादरीत बांधला होता आणि कमरेवर घेतला होता, जसं लेकरू घेतात तसा, एका बाजूला कलून. स्टँडवर दहा-बारा माणसं होती. चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "काय ताई, टीव्ही इकाले चालली काय?" मलकापूरला जायचं तर खामगावला गाडी बदलावी लागते, त्या खामगावच्या गाडीचा कंडक्टर दारात उभा होता. तो म्हणाला, "याचं हाफ तिकीट लागल का फुल?" लोक हसले. ताईही हसली. बाबा नाही हसले.

"हे काय आनलं?" बाबा म्हणाले.

"सीपीयू. तिथंच लावून पाहू बाबा."

"पोरी, बेरिंग आनाले कोनी गिरनी घेऊन जाते काय? नमुना न्या लागते, नमुना. काढ ती पट्टी. ते दाखवू, तशीच दुसरी आनू."

हा त्यांच्या धंद्याचा कायदा. जुना पार्ट फडक्यात गुंडाळायचा, दुकानात काउंटरवर ठेवायचा, दुकानदार डब्यातून तसलाच काढतो, बोटानं आतला व्यास बघायचा, वजन तोलायचं, झालं. तीस वर्षांत नमुना कधी खोटा बोलला नव्हता. माणूस खोटं बोलतो, बिल खोटं बोलतं, नमुना बोलत नाही.

ताईनं बाकावर डबा ठेवला. बाजूच्या पत्र्याचे स्क्रू कधीच हरवले होते, पत्रा नुसता सुतळीनं बांधलेला असायचा. तिनं सुतळी सोडली, आत दोन बोटं घातली, दोन्हीकडचे चाप दाबले आणि पट्टी काढून लग्नपत्रिकेच्या एका पाकिटात घालून मला दिली.

"बरं, डबा राहू द्या," ती म्हणाली. "मी तरी येतो."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. लोक अजून आमच्याकडेच बघत होते. समाजातली दोन माणसं तिथंच उभी होती, त्यांच्यासमोर परत आलेली लेक, कमरेवर डबा, मलकापूरच्या बाजारात. बाबांना काय वाटत होतं ते मला कळत होतं. पण बाबा काही म्हणाले नाहीत. जे म्हणायचं ते मी म्हणालो.

"ताई, दोघं आहोत ना आम्ही. तिघांचं काय काम आहे?"

कंडक्टरनं घंटी मारली. घड्याळात सात दहा. मागच्या काचेतून दिसलं, ताई डब्याला पुन्हा चादर बांधत होती.

पुढचं लवकर सांगतो, कारण पुढचं सगळं आधीच ठरलेलं होतं.

मलकापुरात दुकानदार पोरगा चांगला वागला. बाबांच्या पाया पडला. काकाजी, काकाजी करून चहा मागवला. मी पाकिटातली पट्टी काढून काउंटरवर ठेवली. त्यानं ती बघण्याआधीच विचारलं, कारण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि एकाचा प्रिंटर त्याच्या मांडीवर होता.

"डीडीआर वन पाह्यजे का टू, भाऊ?"

मला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' हे दोन शब्द मला त्या दिवशी सुचले नाहीत. तहसीलदाराच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटणारा मी, आणि मला एका पोराच्या काउंटरवर अडाणी दिसायचं नव्हतं. वाटलं, दोन नंबरची म्हणजे नवी, नवी म्हणजे चांगली.

"टू," मी म्हणालो.

"बोर्ड तसाच हाय ना?"

"हो. तसाच."

त्यानं नवी पट्टी काढून दिली. बाबांनी दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवल्या. लांबी तीच. जाडी तीच. खालच्या कडेला सोनेरी दात तसेच, मध्ये एक खाच. बाबांनी अंगठ्याचं नख खाचेवरून फिरवलं, नख क्षणभर अडलं. पुडीत बांधून खिशात घातली. मी पक्कं बिल मागितलं, कारण पक्कं बिल मागा असं मी स्वतः दोन पत्रकांत लिहिलं होतं. त्यानं लिहून दिलं, 'रॅम, एक नग'. मी घडी घालून ठेवलं आणि मला फार बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा साडेपाच वाजले होते. ताई दारातच होती. तिनं जुनी पट्टी जागेवर बसवली. नवी दुसऱ्या जागेवर धरली आणि दाबली नाही. परत काढली. उजेडात धरून पाहिली.

"बाबा, हे दुसरी हाय. खाच पाहा. बसत नाई."

"दुकानातच पाह्यलं मी," बाबा म्हणाले. "तांदळाच्या दान्याएवढी सरकली हाय. तेवढं राह्यतेच पोरी. नवा पार्ट कधी आनल्या आनल्या बसते काय? घासून बसवा लागते."

"घासू नका बाबा. बसत नाई म्हनजे ते इथची नाईच."

"न बसनारा पार्ट मी अजून पाह्यला नाई."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मला तेव्हाही वेळ होता. मी म्हणू शकलो असतो की दुकानदारानं मला काहीतरी विचारलं होतं आणि मी अंदाजानं उत्तर दिलं. मी म्हणालो, "करू दे ताई. तीस वर्षांचा हात आहे."

बाबांनी पेटी उघडली. पट्टी दोन लाकडी चिपांमध्ये धरून पकडीत आवळली, बारीक कानस घेतली आणि खाच रुंद करायला लागले. मी खोटं सांगणार नाही, ते काम बघण्यासारखं होतं. श्वास रोखून, एकाच दिशेनं, मध्येच फुंकर. हिरवी भुकटी आणि त्यात चमकणारा एखादा सोनेरी कण टेबलावर पडत होता. पंधरा-वीस मिनिटं लागली. मग त्यांनी पट्टी धरली, खाचेवर बसवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट् असा आवाज झाला. चाप आपोआप लागले.

"बसली," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. लेकीसाठी काहीतरी केल्याचा आनंद होता तो. ती परत आल्यापासून त्यांना तिच्यासाठी काय करावं ते कळत नव्हतं, आणि आज हाताला काम मिळालं होतं.

ताई म्हणाली, "मी नाई दाबत बटन."

बटण मी दाबलं. पंखा एकदा फिरला. पडदा काळाच राहिला. मग आतून वास आला, गरम बेकेलाइटचा येतो तसा, आणि डब्याच्या मागच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. ताईनं वायर खेचली. बाबा टेबलाजवळच्या पेटीवर बसले ते दिवेलागण झाली तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा परत मलकापूरला गेलो. वाटेत मी मनात पूर्ण भाषण तयार केलं. दुकानात शिरलो आणि सुरू झालो. चुकीचा माल, गिऱ्हाइकाची फसवणूक, लेखी द्या, तक्रार करतो, पत्रक काढतो. आवाज इतका चढला की समोरच्या दुकानातून माणसं आली. पोरगा ऐकत होता. मग त्यानं पुडी उघडली आणि पट्टीची खाच पाहिली.

"याले कानस लावली काय?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "मी लावली."

पोरगा माझ्याकडे वळला. "भाऊ, मी तुमाले इचारलं होतं. वन का टू. तुमी टू म्हनले. बोर्ड इचारला, तसाच म्हनले. आता तुमीच सांगा, मी का करू?" मग त्यानं ड्रॉवरमधून दोन्ही जातींची एकेक पट्टी काढली, शेजारी शेजारी ठेवली आणि समजावून सांगितलं. रागानं नाही, शाळेतल्यासारखं. दोन जातींची खाच मुद्दामच वेगळ्या जागी ठेवलेली असते. एकीची दुसरीच्या जागेत बसूच नये म्हणून. चुकून कोणी दाबली तरी अडावी म्हणून. "ते खाच म्हनजे कंपनीनं 'नाई' म्हनून ठेवलेलं राह्यते, काकाजी," तो बाबांना म्हणाला. "म्हनून तर ते बसत नाई."

बाबांनी मान हलवली. परतीच्या गाडीत नांदुरा गाव मागे पडलं. मग बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "पोरगी बसत नाई म्हनली होती." एवढंच. माझ्याकडे उत्तर होतं, की बाबा, तुमची कानस नाही, माझा 'टू' आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. पोरानं त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं होतं, पण त्यांनी स्वतःच्या हातालाच दोष लावून घेतला आणि मी लावू दिला.

त्यानंतर बाबांनी तीन दिवस डब्यातल्या जळालेल्या बोर्डावर घालवले. पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक दात घासून काढला. काळी पडलेली जागा पुसली. वाळवायला उन्हात ठेवला. कोंबडी येऊ नये म्हणून शेजारी बसून राहिले. तो मेला आहे हे ताईनं एकदा सांगितलं, मग सांगणं सोडून दिलं आणि त्यांना चहा देत राहिली. नवं मशीन आणायची आमची तेव्हा ताकद नव्हती. ज्यांच्याकडे मशीन होतं अशा दोघांच्या घरी ताई जाऊन आली. एकाकडे पोराची परीक्षा होती. दुसऱ्यानं बसायला सांगितलं, पण त्याच्या मशीनवर मराठी अक्षरं, म्हणजे फाँट, नव्हती आणि ती घालायला तो भीत होता.

शेवटी तिनं हार्ड डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि एकटी खामगावला गेली. या वेळी तिला कोणी अडवलं नाही. आता अडवायला काय राहिलं होतं? छापखान्याचा मालक भला माणूस. त्यानं तिचं काम उतरवून घेतलं, चाळीस पानं तशीच्या तशी वापरली आणि उरलेलं त्याच्या माणसाला बसवून चार दिवसांत पुरं केलं. पुस्तिका मेळाव्याला वेळेवर निघाली. ताईला तो म्हणाला, "तुमचं काम साफ आहे ताई. पण मला तारीख सांभाळणारं माणूस लागतं. उद्या परत मशीन बिघडलं तर मी काय करू?" त्याचंही बरोबर होतं. या सगळ्यात मी रोज एक दोषी शोधत होतो, आणि ज्याच्याकडे जावं त्याचंच बरोबर निघत होतं. पत्रक लिहिणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही.

पुस्तिका आमच्याही घरी आली. ताईनं ती मांडीवर घेऊन एकेक पान पाहिलं. चाळिसाव्या पानापर्यंत फोटो एका रेषेत होते, अक्षरं श्वास घेत होती. त्यापुढे फोटो तिरके, कुठे नाव एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा. तिनं त्यातल्या दोन चुका पेन्सिलनं दुरुस्त केल्या. कोणासाठी, कोण जाणे. मग पुस्तिका मिटून ठेवली.

दिवाळी झाली. ते चार मोठे पुन्हा ओसरीवर बसले. बाबा म्हणत होते, आणखी थोडे दिवस, आणखी एक हंगाम. पहिल्यांदाच मी बाबांना कोणाकडे काही मागताना पाहिलं. मी आत जाऊन ताईला म्हणालो की तू नाही म्हण, पुढचं मी बघतो, पत्रक काढतो, गावात सभा घेतो, कोण तुला नेतो ते पाहू.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पत्रक कोन लावून देईल?" ती म्हणाली.

तिनं एका साडीची घडी बॅगेत ठेवली.

"मी शब्द देल्ला होता. काम उभं राह्यलं तर जात नाई म्हनलं होतं. नाई राह्यलं. आता नाई कशाच्या जोरावर म्हनू?" मग घडी दाबत म्हणाली, "आनि माह्या नावानं काही छापजो नको. एकाचे पाच उद्गारचिन्ह करशील."

मी हसलो. ती नाही हसली. दुसऱ्या आठवड्यात बाबा तिला धाडला पोचवून आले.

तिला जाऊन दोन वर्षं होतील. महिन्यातून एकदा फोन येतो. बरं हाय म्हणते. तिकडे कॉम्प्युटर आहे का, हे मी एकदा विचारलं. "हाय ना. दिराचा. पुसून ठेवतो मी." शेजारून कोणाचा तरी आवाज आला, तिनं फोन ठेवला.

आमच्या संघटनेतले मित्र म्हणतात, यात सामाजिक प्रश्न काय आहे? चुकीचा पार्ट आणला, मशीन जळालं. होतं असं. मी त्यांना समजावू शकत नाही, आणि समजावता येत नाही याचाच मला संताप येतो. आमच्या घरात कोणी वाईट नव्हतं. बाबांनी तिच्यासाठी कानस उचलली. मी तिच्यासाठी दोनदा मलकापूर केलं. ज्या एका माणसाला त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं, त्याला आम्ही स्टँडवर ठेवून गेलो. धाडच्या लोकांनी तिला जे केलं ते तीन वर्षं केलं. आम्ही ते एका सकाळीत केलं, आणि प्रेमानं केलं. काय फरक आहे, मला तुम्ही सांगा.

माझ्या नावानं काही छापू नको, असं ती म्हणाली होती. तिचं नाव मी कुठेही छापलेलं नाही. पण हे छापतो आहे, आणि वाचणाऱ्या तुम्हाला मोकळं सोडत नाही.

तुमच्या घरात एखाद्या मशीनवर काम करणारी कोणी असेल. शिलाईचं असो, झेरॉक्सचं असो, कॉम्प्युटर असो. त्याच्यासाठी काही आणायला उद्या तुम्ही निघाल. निघू नका. आधी तिच्यासमोर बसा आणि तिला काय लागतं ते विचारा. ती सांगेल तेव्हा हातातलं काम खाली ठेवा. आणि दुकानात तिला घेऊन जा, मशीन न्यायचं म्हणाली तर ते तुम्ही उचला, लोक हसले तर हसू द्या. दुकानदारानं विचारलं की कोणती पाहिजे, तर तोंड बंद ठेवा. उत्तर तिला देऊ द्या.